नऱ्ह्यातला एक बोर्ड मेनलाइन कर्नलमध्ये कसा गेला

आमची कंपनी सात जणांची. पुण्यातल्या नऱ्ह्यात एका औद्योगिक इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही बसतो, खाली असेंब्ली आणि टेस्टिंग चालतं. मामांनी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगपासून धंदा सुरू केला, सॉफ्टवेअरची बाजू मी नंतर हातात घेतली. २०१९ पासून आम्ही एक छोटी पेटी बनवतो. दूध संकलन केंद्रावर बल्क कूलर असतो, त्यात दूध ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावं लागतं. कूलरचा टेम्परेचर कंट्रोलर, विजेचं मीटर आणि जनरेटरचं पॅनल यांच्याशी ही पेटी आरएस-४८५च्या दोन तारांवरून बोलते आणि आकडे ४जी मोडेममधून दूध संघाच्या सर्व्हरवर टाकते. शिरूर, जुन्नर, इंदापूरकडच्या गावांत रात्री वीज गेली आणि जनरेटर उचलला नाही, तर केंद्राच्या सचिवांच्या फोनवर इशारा वाजतो. पेटी गप्प राहिली, तर पहाटे टँकर येईपर्यंत दूध गेलेलं असतं. ते दूध कुणाचं, हे आम्हाला नावानिशी माहीत असतं.

पेटीत एआरएम कॉर्टेक्स-ए७ जातीची चिप आहे आणि बोर्ड आमचा स्वतःचा आहे. चिप विकणाऱ्यांनी सोबत एक तयार सॉफ्टवेअर संच दिला होता. त्यात लिनक्सचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि बाकीचे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा गाभा, ४.१४ आवृत्तीचा होता आणि त्यावर त्यांचे स्वतःचे ढीगभर बदल. बोर्ड पहिल्याच महिन्यात उभा राहिला, त्यामुळे त्या बदलांच्या आत काय आहे ते बघायची आम्हाला गरज वाटली नाही. आज मागे वळून बघताना मला वाटतं, आमची खरी चूक तिथेच झाली. बोर्डाची रचना करण्याआधी या चिपचा किती भाग मूळ कर्नलमध्ये आहे, एवढं तासाभरात बघता आलं असतं.

२०२२ साली दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या. आम्ही वापरत होतो ते मोडेम बाजारातून जायला लागलं आणि त्याच्या जागी आलेलं मोडेम नव्या कर्नलशिवाय ओळखलं जात नव्हतं. आणि एका मोठ्या दूध संघाच्या संगणक विभागानं आम्हाला लेखी विचारलं, की तुमच्या पेटीतल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या कधी लागल्या होत्या? खरं उत्तर होतं, कधीच नाही. ४.१४ ही नोव्हेंबर २०१७ची मालिका. तिच्या दुरुस्त्या तेव्हाही नियमित निघत होत्या, पण आमच्या हातातला कर्नल त्या मालिकेच्या सुरुवातीच्या एका अंकावर, म्हणजे आवृत्तीवर, गोठलेला होता. दुरुस्त्या वर चढवायला गेलं की चिपवाल्यांच्या बदलांशी जागोजागी भांडण व्हायचं. चिपवाल्यांकडे विचारणा केली. त्यांचं लक्ष पुढच्या चिपवर होतं, आणि आमच्याएवढ्या खरेदीसाठी जुन्या चिपवर माणूस बसवायला ते तयार नव्हते.

मामांनी वहीत चार रकाने पाडले. बाहेरच्या सल्लागाराला हे काम देणं हा पहिला. त्याचं कोटेशन आमच्या पूर्ण वर्षाच्या नफ्याला गिळणारं होतं. दुसरा रकाना नव्या चिपचा, म्हणजे नवा सर्किट बोर्ड, नव्या चाचण्या आणि आधी बसवलेल्या पेट्यांचं काय हा प्रश्न तसाच. चिपवाल्यांचे बदल आम्हीच उचलून नव्या कर्नलवर बसवणं हा तिसरा. मूळ कर्नलमध्ये, ज्याला सगळे मेनलाइन म्हणतात तिथे, आमच्या बोर्डाला जागा मिळवणं हा चौथा. त्या रकान्यात मामांनी फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

आम्ही तिसरा निवडला, कारण तो ओळखीचा वाटत होता. मी चार महिने घालवून सगळे बदल ५.४ वर आणले. मग लक्षात आलं की नव्या मोडेमला त्याहून पुढचा कर्नल बरा, आणि ५.१० वर जायचं तर त्यातलं निम्मं काम परत करायचं. कर्नलच्या आतल्या रचना कायम राहत नाहीत. एका फंक्शनला जादा आर्ग्युमेंट लागतं, एखादी संरचना दोन तुकडे होते. ज्यानं असा बदल केला, त्यानंच मूळ झाडातल्या, म्हणजे मेनलाइनच्या सोर्समधल्या, सगळ्या ड्रायव्हरांत (एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडांत) तो पोचवायचा, असा तिथला रिवाज आहे. पण झाडाबाहेर कुणाच्या कपाटात काय पडलंय ते त्याला दिसत नाही आणि ते बघायची त्याच्यावर जबाबदारीही नाही. म्हणजे आमचं कपाट आम्हीच आयुष्यभर आवरायचं. नवा कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. हा हिशेब मांडल्यावर मामा म्हणाले, "अगं, हे तर भाड्याच्या घराला दरवर्षी स्वतःच्या पैशानं रंग देण्यासारखं झालं. तो चौथा रकाना काय आहे ते नीट सांग."

मामांची पहिली शंका अपेक्षितच होती. आपला कोड जगाला द्यायचा? मी त्यांच्यासमोर दोन कागद ठेवले. इशारा कधी द्यायचा, दुधाचं तापमान किती वेगानं चढतंय ते कसं ओळखायचं, जनरेटरचा अंदाज, ही आमची खरी कमाई. ती कर्नलच्या बाहेर, स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये आहे आणि तिथेच राहणार. कर्नलमध्ये जाणारा भाग म्हणजे बोर्डावर कुठल्या पिनला काय जोडलंय याचं वर्णन, ज्याला डिव्हाइस ट्री म्हणतात, आणि सिरिअल पोर्टच्या ड्रायव्हरमधली एक दुरुस्ती. पिनांची जोडणी तर मल्टिमीटर घेऊन कुणीही एका दुपारी काढेल. शिवाय कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे, त्यामुळे पेटी विकत घेणाऱ्यानं कर्नलचा सोर्स मागितला तर तो आम्हाला द्यावाच लागतो. हे शेवटचं मामांना माहीत नव्हतं. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, मग द्यायचाच आहे तर नीट देऊ.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी पहिला पॅच, म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवला आणि तो सगळ्या बाजूंनी चुकला.

कर्नलचे पॅच साध्या मजकुराच्या मेलनं जातात. आमच्या कंपनीचं मेल खातं प्रत्येक मेलखाली गोपनीयतेची सूचना चिकटवत होतं आणि टॅबच्या जागी स्पेस घालत होतं. टॅब बिघडला की पॅच लागत नाही. आणि 'हा मजकूर गोपनीय आहे' असं लिहिलेला कोड कुणी कायद्यानं उघड प्रकल्पात घेऊ शकत नाही. वर मी सगळं एकाच पॅचमध्ये कोंबलं होतं. बोर्डाचं वर्णन, सिरिअलची दुरुस्ती, कंपनीचं नाव, मोडेमचा वीजपुरवठा, सगळं एका गाठोड्यात. दोन आठवडे कुणी काही बोललं नाही. ती शांतता मला अपमानासारखी लागली. पुढे कळलं की तो पॅच ज्यांनी बघायचा त्यांच्यापैकी निम्म्या लोकांना मी पाठवलाच नव्हता. कुठल्या फाइलला कोण जबाबदार आहे याची यादी कर्नलमध्येच असते आणि ती काढून देणारी एक स्क्रिप्टही असते. मी ती चालवली नव्हती.

पुण्यातल्या लिनक्सवाल्यांच्या एका बैठकीत ओळख झालेल्या गृहस्थांनी एका रविवारी आमच्याकडे येऊन मेलचा घोळ सोडवला. पॅचांसाठी वेगळं खातं काढलं आणि बी-फोर हे साधन बसवून दिलं. ते पॅचांच्या मालिकेचे क्रमांक, कुणाकुणाला पाठवायचं ते आणि आधीच्या आवृत्तीशी फरक हे सगळं सांभाळतं. चेकपॅच ही तपासणी स्क्रिप्ट पाठवण्याआधी चालवायची सवय लागली. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ काय सांगते हेही त्यांनी नीट समजावलं. २००४ पासून कर्नलमध्ये ती लागते. हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं मी स्वतःच्या खऱ्या नावानं लिहून देते. चिपवाल्यांच्या संचातून उचललेल्या प्रत्येक ओळीबद्दल मला हे म्हणता येतं का, ते तपासायला चार दिवस लागले. दोन तुकडे असे निघाले की त्यांचा मूळ लेखक आणि परवाना कुठेच लिहिलेला नव्हता. ते मी टाकून दिले आणि चिपच्या मॅन्युअलवरून नव्यानं लिहिले.

दुसऱ्या आवृत्तीला उत्तरं आली. बोर्डाच्या वर्णनात नोडची, म्हणजे त्यातल्या एकेका भागाची, नावं सर्वसाधारण हवीत, अंडरस्कोर नको, गुणधर्मांचा क्रम ठरलेला आहे, स्टेटस हा गुणधर्म सगळ्यात शेवटी. कंपनीचं संक्षिप्त नाव आधी नोंदवा, मग बोर्डाचं नाव त्याच्या खालच्या यादीत घाला, मग वर्णन, तिन्ही वेगळे पॅच. वर्णन यामल या मजकुराच्या पद्धतीत लिहून ठेवलेल्या नियमांशी जुळतंय का ते यंत्राकडून तपासून घ्या. हे सगळं वाचताना आधी टोचलं, पण दोनदा वाचल्यावर जाणवलं की समोरच्यानं माझी प्रत्येक ओळ वाचली आहे. चार वर्षांत त्या बोर्डाची ओळ न् ओळ माझ्याशिवाय कुणी वाचलेली नव्हती.

तरीही गाडी खरी हलली ती वेगळ्याच कारणानं.

आमच्याकडे संगमनेरकडचा एक डिप्लोमा झालेला मुलगा आहे. सोल्डरिंग, वायरिंग, फील्डवर जाऊन पेट्या बसवणं हे त्याचं काम. कर्नल त्यानं तोवर उघडून बघितला नव्हता. डिसेंबरमध्ये मी आमच्या पॅचवर उत्तराची वाट बघत बसले होते, तेव्हा याच चिपच्या इथरनेट ड्रायव्हरवर काम करणाऱ्या एका परदेशी अभियंत्याची पॅचांची मालिका समोर आली. त्यानं लिहिलं होतं की आपल्याकडे एकाच प्रकारचा बोर्ड आहे, दुसऱ्या कुणाकडे असेल तर चालवून बघा. मुलगा म्हणाला, "ताई, आपल्याकडे खोक्यात सहा बोर्ड पडलेत. मी लावू का?"

पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून त्यानं एक रिले बोर्ड आणला. रिले बोर्डाची वीज तोडणार, दहा सेकंदांनी जोडणार, बोर्ड बूट होणार, नेटवर्क लागलं का ते स्क्रिप्ट तपासणार, परत वीज जाणार. हे रात्रभर. सकाळी नोंदी काढल्या तर काही वेळा नेटवर्क लागलंच नव्हतं. वीज पूर्ण तुटून परत आली तरच हे व्हायचं, वीज न तोडता केलेल्या रीबूटवर कधीच नाही. इथरनेटच्या चिपला रीसेट दिल्यावर पुरेसा वेळ थांबलं जात नव्हतं. आपल्या मोडक्या इंग्रजीची लाज वाटते म्हणून त्यानं आधी मला लिहायला सांगितलं. मी नकार दिला. नोंदी जोड, काय केलंस ते क्रमानं लिही, एवढं पुरे. त्यानं बारा ओळी लिहिल्या. दोन दिवसांत त्या अभियंत्याचं उत्तर आलं. दोष खरा निघाला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली आणि परत चाचणी झाल्यावर त्या पॅचखाली आमच्या मुलाच्या नावाची टेस्टेड-बाय, म्हणजे यानं चाचणी केली, ही ओळ लागली. ती आता कर्नलच्या इतिहासात कायमची आहे.

त्यानंतर आमच्या पॅचवर उत्तरं आठवड्याच्या आत यायला लागली. यात वशिला नव्हता. मी यावर खूप विचार केला आहे आणि मला त्यामागचं कारण पटलेलं आहे. पॅच स्वीकारणं म्हणजे त्या कोडची पुढची दहा वर्षं अंगावर घेणं. मेन्टेनरांनी, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांनी, असे अनेक लोक बघितलेत, जे स्वतःच्या बोर्डाचा कोड आत टाकतात आणि पुन्हा दिसत नाहीत. उद्या काही मोडलं तर या बोर्डावर ते चालवून कोण सांगणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या रिलेनं त्याचं उत्तर दिलं होतं.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. त्यांचं लहानपण पुरंदरात गेलं. "ही सावड आहे," ते म्हणाले. "ज्याच्याकडे एकच बैल, त्यानं पेरणी करायची कशी? आपला बैल घेऊन आधी शेजाऱ्याच्या वावरात जायचं. मग तो आपल्याकडे येतो. आधी आपल्या वावराचं बोलणाऱ्याला कुणी सावडीला घेत नाही." त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते, खालची असेंब्ली बंद असते. तो दिवस इन्व्हर्टरवर एक टेबल चालू ठेवून फक्त दुसऱ्यांच्या पॅचांसाठी. मला स्वतःला एवढा पूर्ण दिवस द्यायची हिंमत झाली नसती.

बोर्डाचं वर्णन पाचव्या आवृत्तीला, मार्च २०२३ मध्ये स्वीकारलं गेलं. इथेही एकदा चुकता चुकता राहिलो. कर्नलचं चक्र असं की एक अंक निघाला की दोन आठवडे नवे बदल आत घेतात, मग सात-आठ आठवडे दर आठवड्याला एक चाचणी-अंक. पण चिपचे मेन्टेनर त्या दोन आठवड्यांत तुमचा पॅच घेत नाहीत. त्यांनी तो आधीच आपल्या झाडात घेऊन काही दिवस लिनक्स-नेक्स्टमध्ये, म्हणजे पुढच्या अंकाचे बदल एकत्र तपासायच्या झाडात, फिरवलेला असावा लागतो. म्हणजे साधारण सहाव्या चाचणी-अंकापर्यंत तुमचं काम पक्कं झालेलं हवं. आम्ही त्या रेषेच्या जेमतेम अलीकडे होतो. जून २०२३ मध्ये ६.४ निघाला आणि त्यात आमच्या बोर्डाची फाइल होती. लगेच पुढच्या ६.५ मध्ये ३२-बिट एआरएमच्या सगळ्या बोर्डांच्या फाइली उत्पादकांनुसार वेगवेगळ्या फोल्डरांत हलवल्या गेल्या. आमचीही हलली. आम्ही बोटही उचललं नव्हतं. ते बघून मी मामांना संगणकापुढे बोलावलं होतं.

आता सिरिअलची गोष्ट. आमच्या धंद्याचा जीव त्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आरएस-४८५वर दोनच तारा असतात, त्यामुळे एका वेळी एकानंच बोलायचं. आपण बोलताना ट्रान्सीव्हरची, म्हणजे तारेवर बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या चिपची, एक पिन वर धरायची, बोलून झालं की खाली सोडायची, म्हणजे समोरच्याला उत्तर देता येतं. प्रश्न एवढाच, की बोलून झालं हे कधी समजायचं. चिपच्या आत पाठवायच्या बाइट्सची एक रांग असते. रांग रिकामी झाली की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारणारा इशारा, येतो. पण शेवटचा बाइट तेव्हा रांगेतून निघून शिफ्ट रजिस्टरमध्ये आलेला असतो आणि एकेक बिट तारेवर जात असतो. त्या क्षणी पिन खाली सोडली, तर शेवटचा बाइट अर्धा कापला जातो. ही उपकरणं ज्या भाषेत बोलतात त्या मॉडबसच्या संदेशात शेवटचे दोन बाइट तपासणीचे, म्हणजे सीआरसीचे असतात. तो कापला गेला की कंट्रोलर अख्खा संदेश फेकून देतो आणि गप्प बसतो.

नव्या कर्नलवर आम्ही टेबलावर सगळं तपासलं होतं, तेव्हा एकही संदेश चुकला नव्हता. शिरूरजवळच्या केंद्रावर पेटी लावली आणि कंट्रोलर बोलेचना. मुलगा ऑसिलोस्कोप घेऊन एसटीनं गेला आणि त्यानं शेवटच्या बाइटचा तुटका तुकडा पडद्यावर पकडून फोटो पाठवला. टेबलावर आम्ही १,१५,२०० बॉडनं, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट अशा वेगानं, चालवत होतो. त्या वेगाला एक बाइट जायला ९५ मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, आणि इंटरप्टला पोचायला तेवढा उशीर सहज होतो, म्हणून दोष झाकला जायचा. केंद्रावरचा जुना कंट्रोलर ९६०० वर होता. तिथे एका बाइटला साधारण १.१५ मिलिसेकंद लागतात.

चिपवाल्यांच्या ४.१४ मध्ये हा दोष का दिसला नव्हता? त्यांनी इंटरप्टच्या आतच २ मिलिसेकंद नुसतं थांबायची ओळ घातली होती. मी तीच ओळ नीट नावानिशी पॅच करून पाठवली. ती परत आली, आणि योग्य कारणांनी परत आली. इंटरप्टमध्ये २ मिलिसेकंद प्रोसेसर अडवून ठेवणं म्हणजे तेवढा वेळ बाकीचं काम थांबवणं. त्याहून मोठं कारण मला आधी सुचलंच नव्हतं. मॉडबसच्या नियमाप्रमाणे १९,२०० बॉडच्या वर दोन संदेशांमधली शांतता १.७५ मिलिसेकंद धरतात. जलद उपकरण तेवढ्यात उत्तर द्यायला लागलं, तर आमची पिन अजून वरच आणि दोघं एकाच वेळी बोलताहेत. चार वर्षं आमच्या काही केंद्रांवर अधूनमधून एखादं वाचन गाळलं जायचं आणि आम्ही दोष तारेला देत होतो. कुठे कुठे तारा बदलायचा खर्चही शेतकऱ्यांच्या संस्थेनं केला होता. हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

चिपच्या मॅन्युअलमध्ये खोलवर एक वेगळा इंटरप्ट सापडला, शिफ्ट रजिस्टरही रिकामं झाल्यावर येणारा. दुसरी आवृत्ती त्यावर लिहिली. इथे सावड उलटी फिरली. इथरनेटवाल्या त्याच अभियंत्याकडे याच कुटुंबातली जुनी चिप होती. त्यानं आमचा पॅच न मागता तिच्यावर चालवला आणि कळवलं की त्या चिपला असा इंटरप्टच नाही, पिन वर जाते ती खालीच येत नाही. आमचा पॅच तसाच आत गेला असता, तर कुणाच्या तरी कारखान्यातली ओळ बंद पडली असती. तिसऱ्या आवृत्तीत आम्ही दोन्ही मार्ग ठेवले. इंटरप्ट असेल तिथे तो, नसेल तिथे बॉडच्या वेगावरून एका अक्षराचा वेळ काढून तेवढ्याचा टायमर. त्यानं जुन्या चिपवर चालवलं, आमच्या मुलानं नव्या चिपवर ९६०० पासून १,१५,२०० पर्यंत प्रत्येक वेगाला रात्रभर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ६.६ निघाला त्यात ही दुरुस्ती होती आणि ६.६ ही दीर्घकाळ सांभाळायची मालिका ठरली. आमच्या नशिबाचा भाग एवढाच, की चक्र तिथे येऊन पडलं.

जानेवारी २०२४ मध्ये ४.१४ मालिका कायमची बंद झाली. तोवर नव्या पेट्या मेनलाइन ६.६ वर निघत होत्या. जुन्या पेट्यांना फील्डवर नवा कर्नल चढवायला अजून सहा महिने लागले, कारण बूटलोडर, म्हणजे वीज आल्यावर कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम, जुना होता आणि अर्धवट अपडेटमध्ये वीज गेली तर पेटी मेली असती. यू-बूट या बूटलोडरमध्येही बोर्ड आत घालावा लागला. ते काम तुलनेनं सोपं गेलं, डिव्हाइस ट्री तयारच होती. दूध संघाच्या संगणक विभागाला आता आम्ही दर महिन्याला कुठल्या अंकावर आहोत ते लिहून कळवतो.

पाठिंबा मिळाला म्हणजे नेमकं काय मिळालं, हे २०२४च्या उन्हाळ्यात दिसलं. ६.१० मध्ये सिरिअल पोर्टच्या पाठवणीच्या रांगेची रचनाच बदलली. जुना सर्क-बफर जाऊन के-फिफो आला, आणि त्यासाठी झाडातले सिरिअल ड्रायव्हर हा बदल करणाऱ्यांनीच हाताखालून घातले. आमचाही. तोच बदल जुन्या कपाटातल्या कोडवर मला एकटीला करावा लागला असता तर दोन-तीन आठवडे गेले असते, आणि पिन खाली सोडायच्या त्याच नाजूक जागी मी चुकण्याची शक्यता होती. आमच्या वाट्याला काय आलं? लिनक्स-नेक्स्टचा रोजचा अंक रिलेवर लावून नऊ वेगांना चालवणं आणि सगळं ठीक आहे असं बघणं. एक गुरुवार.

पैशांचं बोलायचं तर मामांच्या वहीतला चौथा रकाना स्वस्त पडला असं मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी माझा जवळजवळ निम्मा वेळ यात गेला. त्या काळात एक नवं गिऱ्हाईक आम्ही वेळ नाही म्हणून सोडलं, आणि त्याचं मामांना आजही वाईट वाटतं. दुसऱ्या वर्षापासून हा वेळ आठवड्याच्या त्या एका दिवसावर आला. ज्यांची चिप मेनलाइनमध्ये मुळातच नाही, त्यांना हा मार्ग मी सुचवणार नाही. चिपची घड्याळं, पिनांचं नियंत्रण, वीजव्यवस्था शून्यापासून आत नेणं सात माणसांच्या कंपनीला झेपत नाही. आमच्या चिपचा पाया कुणीतरी आधीच आत नेलेला होता, म्हणून आम्हाला फक्त आपला बोर्ड आणि एक दोष एवढंच न्यावं लागलं. तो पाया रचणाऱ्यांपैकी बहुतेकांना आम्ही कधी भेटलो नाही.

पुढची चिप निवडताना आता आम्ही उलटे चालतो. आधी कर्नलचं झाड उघडतो, त्या चिपच्या ड्रायव्हरांवर गेल्या वर्षभरात कुणी हात फिरवलाय ते बघतो, मेन्टेनरांच्या यादीत त्या ओळीपुढे माणूस आहे की नुसतं 'अनाथ' लिहिलंय ते बघतो. विक्रेत्याला त्यानंतर फोन करतो.

एक तुकडा अजून आमच्याच कपाटात आहे. मोडेमला वीज देताना आधी एक पिन, मग ठरावीक वेळानं दुसरी, असा क्रम लागतो. २०२२ साली मी तो गाठोड्यात कोंबून पाठवला होता, तेव्हा कर्नलमध्ये त्यासाठी नीट जागाच नव्हती. २०२४ मध्ये ६.११ बरोबर वीजक्रमासाठी स्वतंत्र उपप्रणाली आली. तिच्यावर बसवलेली आमची तिसरी आवृत्ती गेल्या बुधवारी गेली. या वेळी ती मुलानं लिहिली आहे, साइन्ड-ऑफ-बाय त्याचंच. काल दोन शेरे आलेत. पिनचं नाव बदला, आणि वीज बंद करतानाचा क्रमही तपासून दाखवा. त्यानं रिले परत जोडला आहे.